आधी उलटा फेर

आमच्या प्रीमियर पद्मिनीला चार प्लग आहेत आणि त्यातल्या तीन नंबरच्या प्लगचं घर बाकीच्या तिघांसारखं नाही. हेड ॲल्युमिनियमचं, पण त्या एका भोकात गनमेटलचा बुश बसवलेला आहे. बाहेरून काही दिसत नाही. प्लग काढून आत बॅटरी मारली तर पिवळसर कडी चमकते, एवढंच. मध्यंतरी गाडी घ्यायला म्हणून एक हौशी गृहस्थ आले होते, त्यांनी ती नेमकी हेरली. "हेडचं काम झालंय की हो हिच्या," म्हणाले आणि लगेच पाच हजारांनी खाली उतरले. त्यानंतर मी गाडी कोणाला दाखवलीच नाही. मनातून मला ती विकायची नव्हतीच, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या बुशाचं देणं माझ्या अंगावर आहे. 1992 सालापासून.

आबा पाटबंधारे खात्यात होते. गाडी 1984 ची, आमच्याकडे 1990 मध्ये आली, एका डॉक्टरांकडून. इटलीच्या फियाट 1100 ची ही बहीण, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. 1089 सीसीचं इंजिन, गियरची दांडी स्टिअरिंगला, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. एके काळी ती मिळायला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मारुती आली आणि तिचा तोरा उतरला, म्हणून तर ती आमच्यासारख्यांच्या दारात उभी राहू शकली. आबांचा तिच्यावर जीव होता आणि त्यांचा जीव ज्याच्यावर असे त्याला इतरांनी हात लावलेला त्यांना खपत नसे. मी त्या इतरांत मोडत होतो.

गाडीचं सगळं काम उद्यमनगरात मेस्त्रींकडे. कोल्हापुरात मिस्त्री कोणी म्हणत नाही, मेस्त्रीच. शेजारी एक फौंड्री, समोर दोन लेथ आणि मधे यांची पत्र्याची शेड. हवेत कायम कोक जळाल्याचा आणि कटिंग ऑइलचा वास. या गावाला परक्या यंत्राची भीती कधी वाटलेली नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच बनवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला. तेव्हा फियाटचं इंजिन म्हणजे मेस्त्रींच्या लेखी ऊस लावणाऱ्याच्या पंपासारखंच. शेडमध्ये ते आणि हाताखाली एक पोरगं, माझ्याहून चार वर्षांनी लहान, खाकी चड्डीतलं.

तर 1992 ची दिवाळी. आबांना दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला जायचं होतं, आंबा घाटातून. गाडी दोन दिवस मिसिंग करत होती. मी अठरा वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे फोर स्ट्रोकची आकृती काढता येणारा आणि नट कुठल्या बाजूला फिरतो हे दोनदा बघून ठरवणारा. आबा गाडी लावून पायीच मंडईत गेले आणि मी प्लगचा पाना काढला. चार नवे प्लग आदल्या दिवशीच माझ्या पैशांनी आणले होते. परत आल्यावर किल्ली फिरवतील, इंजिन शिट्टीसारखं वाजेल आणि मग मी सांगेन, असा बेत होता.

एक आणि दोन नीट बसले. तीन नंबरचा प्लग मी पान्यातच अडकवून आत सोडला आणि फिरवला. पहिल्या फेरालाच घट्ट लागला. मला वाटलं, नवा आहे म्हणून. जोर लावला. मग एकदम हाताला काहीतरी मऊ लागलं, लोण्यात चमचा जावा तसं, आणि पाना नुसताच फिरायला लागला. प्लग उपसून पाहिला तर त्याच्या आट्यांत चांदीच्या बारीक तारा गुंतल्या होत्या. दिसायला सुंदर होत्या. त्या हेडच्या होत्या.

दोन चुका होत्या आणि दोन्ही पुस्तकात असतात. पहिली, इंजिन गरम होतं. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, मऊही असतं, त्यामुळे गरम हेडमधले प्लग काढता-घालताना आटे ओरबाडले जातात. दुसरी, प्लग आधी बोटांनी बसवायचा असतो. पान्याच्या दांड्याला आटा सरळ लागला की आडवा, ते कळत नाही. बोटांना कळतं.

प्लग कसाबसा अडकवून, तीन सिलिंडरवर लंगडत, फुस्स फुस्स आवाज करत मी गाडी उद्यमनगरात नेली. मेस्त्री बॉनेटखाली वाकले. प्लग दोन बोटांनी नुसता उचलून घेतला. माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही, त्यांनी काही विचारलं नाही.

"हेड उतराय लागंल," एवढंच म्हणाले.

जागेवरच टॅप मारला असता तर कीस सिलिंडरमध्ये पडला असता, म्हणून हेड उतरवणं भाग होतं. रात्री पाणी काढलं, मॅनिफोल्ड सोडलं, रॉकर उतरवले. सकाळी समोरच्या लेथवर बुश कातला. बाहेरून 18 मिलिमीटरचा आटा, आतून प्लगचा 14 चा. हेडचं भोक मोठं करून, नवे आटे पाडून तो आत फिरवला आणि कडेला पंच मारून पक्का केला. नवं गॅस्केट घातलं, टॅपेट लावले.

आबा रत्नागिरीला एस्टीने गेले. परतल्यावर तडक शेडमध्ये आले, मी सोबत होतो. त्यांनी विचारलं, "कोणी केलं हे?"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं होतं असं मला पुष्कळ वर्षं वाटत आलं. खरं म्हणजे उघडलं नव्हतं. मेस्त्री हात पुसत म्हणाले, "आटा झिजलाच हुता सायेब. आमच्या पोरानं जरा ज्यादा आवळला. चूक आमची हाय."

पोरगं कोपऱ्यात रॉकेलमध्ये बेअरिंग धूत होतं. त्याने मान वर केली नाही.

आबांनी फक्त गॅस्केटचे पैसे मोजले, मजुरी दिली नाही. "पोरं नीट ठेवा," म्हणाले, आणि गाडी तिथून हलवली ती सात वर्षांसाठी. नुसती आमची नाही. आबांच्या शब्दावर ऑफिसातल्या तिघाचौघांच्या गाड्या त्या शेडमध्ये यायच्या, त्याही बंद झाल्या. एका मेस्त्रीच्या धंद्यातून वर्षभरात अशा चार-पाच गाड्या गेल्या तर काय होतं, हा हिशेब मी तेव्हा केला नाही. पुढे बँकेत लागलो, रोज दुसऱ्यांचे हिशेब तपासायला लागलो, तेव्हा केला.

महिनाभर मी उद्यमनगरातून सायकल नेली नाही. मग एका संध्याकाळी गेलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण माणसाला माफी मागायला जागा लागते आणि मेस्त्रींनी ती दिलीच नाही. एक जुनं, रिकामं हेड पुढ्यात टाकलं, एक प्लग दिला. "बशीव," म्हणाले.

मी प्लग भोकात धरून सुलटा फिरवणार तेवढ्यात त्यांनी मनगट धरलं. "आदी उलटा."

"उलटा?"

"उलटा फिरीव. हळू. कानानं न्हवं, बोटानं ऐक."

प्लग उलटा फिरवत गेलं की एका ठिकाणी तो किंचित खाली बसतो. टक्. इतकं बारीक, की प्लग घट्ट आवळून धरला तर जाणवतही नाही. तिथे प्लगचा आटा हेडच्या आट्याच्या तोंडाशी आलेला असतो. मग सुलटा फिरवायचा आणि तो तेल लावल्यासारखा जातो. शेवटपर्यंत बोटांनीच. वॉशर टेकला की मग पाना, आणि नवा प्लग असेल तर अर्धा फेर. तोच प्लग परत घालत असू तर वॉशर आधीच दबलेला असतो, मग पाव फेरही पुष्कळ. मी त्या मेलेल्या हेडवर तो प्लग त्या संध्याकाळी पन्नासेक वेळा तरी बसवला असेल. शेजारी पोरगं दुसऱ्या हेडचे व्हॉल्व्ह घासत बसलं होतं. आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

पुढची तीन-चार वर्षं मी तिथे पडीकच असे. डिप्लोमाने मला इंजिन शिकवलं आणि मेस्त्रींनी प्लग. यात प्लगचं पारडं जड आहे असं माझं मत आहे, डिप्लोमाच्या सरांनी वाचलं तरी हरकत नाही.

ते प्लग वाचायचे. काढलेले चारही प्लग फळीवर ओळीने मांडायचे, रेडिएटरच्या बाजूचा पहिला. ही ओळ मोडली की शिवी. कारण प्लग आपल्या घराची बातमी घेऊन येतो, आणि कुठल्या घराची ते विसरलात तर बातमीचा उपयोग काय? बिस्किटाचा रंग असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, बहुतेक चोक ओढून ठेवून मालक गावभर हिंडला. ओला, तेलकट काळा म्हणजे रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह गाइड गेले, तिथे प्लग बदलून फायदा नाही. पांढराफटक, चिनीवर बारीक फोड आलेला म्हणजे इंजिन तापतंय, नाहीतर प्लगच चुकीचा.

चुकीचा म्हणजे कसा, हे त्यांनी मला गुऱ्हाळावर शिकवलं. खरोखरच, त्यांच्या भावाच्या गुऱ्हाळावर, काकवी खाता खाता. "चुलाण गार पडलं की नुसता धूर. लै पेटलं की काहिलीत रस करपतो. प्लगाचं त्येच." प्लगचं टोक साधारण साडेचारशे अंशांच्या वर राहिलं तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. साडेआठशे-नऊशेच्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच ते टोक पेट्रोल पेटवून देतं आणि पिस्टनची वाट लागते. या दोन्हींच्या मधे त्याला ठेवायचं. आतली चिनी लांब नाकाची असेल तर उष्णता हेडपर्यंत जायला वेळ लागतो, टोक तापलेलं राहतं. तो गरम प्लग. नाक आखूड तो थंड. आपली रोजची गाडी बाजारातून हळूहळू फिरणारी असेल आणि आपण ऐटीत रेसच्या गाडीचा थंड प्लग घातला, तर आठ दिवसांत तो काळा ठिक्कर.

आणि हे आकडे! मी एकदा दुकानातून मोठ्या आकड्याचा प्लग आणला, दुकानदार म्हणाला, जास्त पॉवरचा आहे. आकड्याचा आणि पॉवरचा काडीचा संबंध नसतो. तो गरम-थंडाचा आकडा, आणि त्यातही प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. जपानी एनजीकेचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. चॅम्पियनचं बरोबर उलटं, आकडा मोठा तितका गरम. आपल्या मायकोचं तर याहून कठीण. जुन्या डब्यांवर डब्ल्यू 175, डब्ल्यू 225 असायचं, तिथे मोठा आकडा थंडाचा. मग पद्धत बदलली, 175 चा 7 झाला आणि 225 चा 5, म्हणजे आता मोठा आकडा गरमाचा. एकाच कंपनीचे जुने आणि नवे डबे शेजारी ठेवून मेस्त्री गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यायचे. मी तीनदा नापास झालो.

आकडे नाही कळले तरी चालेल, पण जुन्या प्लगशेजारी नवा उभा करायचाच, हा त्यांचा नियम होता. आट्याची लांबी जुळली पाहिजे. काही हेडांना अर्ध्या इंचाचा आटा लागतो, काहींना पाऊण इंचाचा. आखूड जागी लांब प्लग घातला तर तो आत डोकावतो आणि पिस्टन वर येताना त्याचं डोकं फोडतो. असा एक प्लग त्यांनी खिळ्याला टांगून ठेवला होता, टोक ठेचून सपाट झालेलं. कोणाच्या गाडीचा ते कधी सांगितलं नाही.

गॅप लावायला त्यांच्याकडे फीलर गेज होता, पण हात जायचा तो तुटक्या हॅक्सॉ ब्लेडकडे. मला ते अडाणीपण वाटे. एकदा कॉलेजच्या लॅबमध्ये मी त्या ब्लेडचा तुकडा मायक्रोमीटरमध्ये धरला. 0.64 मिलिमीटर. पंचवीस थाऊ. पॉइंट-कंडेन्सरच्या इग्निशनला हवा तेवढाच. मी धावत येऊन सांगितलं, तर म्हणाले, "मग? ब्लेड करणाऱ्याला ठावं नसंल व्हय?" तारेच्या ब्रशने प्लग घासलेला त्यांना चालत नसे. चिनीवर धातूचे ओरखडे राहतात आणि वीज टोकाकडे जायची सोडून त्या ओरखड्यांवरून पळते.

माझा एक हिशेब मात्र त्यांना आवडला होता. ताशी साठने गाडी चालली आणि इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असलं, तर एक प्लग मिनिटाला 1500 वेळा ठिणगी टाकतो. साठच्या वेगाने 10,000 किलोमीटर म्हणजे 10,000 मिनिटं, म्हणजे दीड कोटी ठिणग्या. दहा हजारांना प्लग बदलायचा तो यासाठी. दीड कोटी ऐकून ते जरा गप्प झाले आणि हातातल्या झिजलेल्या प्लगकडे बघत म्हणाले, "आनी लोक म्हनत्यात, फुकट गेला."

1998 च्या मे महिन्यात आबा आणि मी रत्नागिरीहून येत होतो. साखरप्यापासून आंबा घाटाची चढण लागली आणि गाडी आचके द्यायला लागली. आधी पंपावर ओला फडका टाकला, कारण पेट्रोल पंपात उकळून वाफ धरणं हे या गाडीचं घाटातलं जुनं दुखणं. तेवढ्याने भागेना. मग झाडाखाली अर्धा-पाऊण तास थांबलो, इंजिन हाताला सोसवेल इतकं निवू दिलं. आबा घाई करत होते, मी ऐकलं नाही. एकेक वायर काढून बघितलं तर दोन नंबर झोपलेला, चिनीला तडा. डिकीतला जादा प्लग काढला, ब्लेडने गॅप बघितला, फुंकर मारून भोकाभोवतीची धूळ उडवली आणि प्लग दोन बोटांत धरून उलटा फिरवला. टक्. मग सुलटा.

आबा बघत होते. "हे उलटं काय?"

"आटा सापडतो."

"कुठे शिकलास?"

"मेस्त्रींकडे."

आबा खाली कोकणाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "माणूस चांगला होता. पोरं नीट ठेवली नाहीत."

घाटात आम्ही दोघंच होतो. हातात पाना होता, समोर बॉनेट उघडं, आणि त्याच्या खाली हातभर अंतरावर तो बुश. सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी म्हटलं, "चालू करून बघा."

वर्षभराने आबाच म्हणाले, "ने एकदा तुझ्या मेस्त्रीकडे." नेली. मेस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि पहिला हात घातला तो तीन नंबरला. काल संध्याकाळीच लावून गेलो असावं तसं विचारलं, "हलला न्हाई न्हवं?"

आबा 2004 मध्ये गेले, मेस्त्री 2011 मध्ये. दोघांपैकी एकालाही मी काही सांगितलं नाही.

पोरगं आता पन्नाशीच्या आसपास आहे आणि त्यालाही सगळे मेस्त्रीच म्हणतात. गोकुळ शिरगावच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे, कॉम्प्युटर लावून गाड्या तपासतो. इरिडियमचे प्लग घालतो, लाख किलोमीटर बघायला नको. माझ्या पद्मिनीला मात्र तो साधेच घालतो. गेल्या पावसाळ्यानंतर मी प्लग बदलायला गेलो. संध्याकाळ झाली होती, मी बॅटरी धरून उभा आणि तो वाकलेला. तीन नंबरला आला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मेस्त्री, तो आटा मी घालवला होता. बाण्णव साली."

त्याने प्लग उलटा फिरवला. थांबला. मग सुलटा फिरवत म्हणाला, "मला ठावं हाय की दादा. मी तवा गाडीला हात बी लावला नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलनार हुतो. मेस्त्री म्हनले, त्येला त्याच घरात ऱ्हायाचं हाय, तुला हितनं सा वाजता सुटायचं हाय. गप बस." वॉशर टेकला तसा त्याने पान्यासाठी हात मागे केला. "आनी त्येच्या बदल्यात म्हनले, ये, ह्ये हेड तूच बशीव. तवर मला नुसतं धुवायला द्यायचे. पैलं हेड मी ह्येच बशीवलं, हिचंच. टॅपेट बी मीच लावले हुते, तुमच्या आबांना पटलं नसतं म्हनून सांगितलं न्हाई."

मला काय बोलावं ते सुचेना.

"जरा हिकडं धरा हो बॅटरी," तो म्हणाला. "चार नंबर दिसंना."